निनावी लेखणी आणि अब्रूचा कायदा

कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, भोगावती नदीला बांध घालून उभारलेले राधानगरीचे धरण महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांस निदान नावाने तरी परिचित आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतले आणि तेथे वसविलेल्या गावास आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव दिले. दर वर्षी पावसाळा भरात आला म्हणजे या धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता वर्तमानपत्रांत झळकते. हे दरवाजे सात आहेत. पाण्याची पातळी ठरलेल्या खुणेपर्यंत चढली की ते आपोआप उचलले जातात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. हे कोणाच्या मर्जीने होत नाही आणि कोणाच्या हुकुमानेही होत नाही. ते पाण्याच्या भाराने होते. या दरवाजांचा प्रस्तुत विषयाशी संबंध काय, ते शेवटी दिसून येईल.

तूर्त इतकेच ध्यानात घ्यावयाचे की, ज्या राजाने राधानगरी वसविली तो कोल्हापूरच्या गादीवर यावयास एक दुःखद घटना कारण झाली होती. त्याच्या आधीचे छत्रपती चौथे शिवाजी हे ऐन विशीत वारले, आणि मग १८८४ च्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले. चौथ्या शिवाजी महाराजांच्या हालांची जी वार्ता त्या काळी महाराष्ट्रभर पसरली होती तिच्यातून एक खटला उद्भवला. इतिहासात तो ‘कोल्हापूर प्रकरण’ या नावाने ओळखला जातो. खटला अब्रुनुकसानीचा होता, आणि त्याच्या मुळाशी काही पत्रे होती. त्या पत्रांखाली एकाचे नाव होते, पण ती लिहिणारा हात भलत्याच कोणाचा होता.

एखाद्याने आपले नाव झाकून दुसऱ्याविषयी काही लिहिले आणि त्या दुसऱ्याने ‘माझी अब्रू गेली’ म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले, तर त्या लिहिणाऱ्याचे नाव उघड करावे की न करावे, हा प्रश्न आज घरोघरी येऊन ठेपला आहे. ज्याच्या हाती मोबाईल आहे त्याच्या हाती छापखाना आहे, आणि त्या छापखान्यावर नाव घालण्याची सक्ती नाही. म्हणून कोल्हापूरच्या जुन्या प्रकरणाकडे नव्या नजरेने पाहणे अगत्याचे आहे.

हकीकत अशी. १८८१ च्या जानेवारीत पुण्यास ‘मराठा’ व ‘केसरी’ ही दोन वृत्तपत्रे निघाली. पहिल्याचे संपादक बाळ गंगाधर टिळक, दुसऱ्याचे गोपाळ गणेश आगरकर. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्याच वर्षी कोल्हापूरहून कानांवर येऊ लागले की, तरुण महाराजांना वेडे ठरवून एकांतात ठेवले आहे, त्यांना वाईट वागणूक मिळते आहे, आणि यात संस्थानचे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांचे अंग आहे. लोक हळहळत होते. अशा वेळी काही पत्रे पुढे आली. ती खुद्द कारभाऱ्यांनी लिहिलेली आहेत असे सांगण्यात येत होते, आणि महाराजांच्या जिवावर उठलेला कट त्यांतून उघड होतो असे ती वाचणाऱ्यास वाटे. दोघा संपादकांना ती खरी वाटली. त्यांनी ती छापली आणि कारभाऱ्यांवर कडक टीका केली.

बर्वे यांनी १८८२ साली फिर्याद केली. पत्रे खरी ठरविण्याइतका पुरावा काही केल्या उभा राहीना. उलट ती बनावट असल्याचे दिसून आले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, परंतु फिर्याद मागे घेतली गेली नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयात जुलै १८८२ मध्ये दोघांनाही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ऑक्टोबरच्या अखेरीस ते सुटले. त्या दिवसांचे वर्णन आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ या पुस्तकात करून ठेविले आहे. खटला चालू असता त्यांना जामीन राहिले ते सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे. मते भिन्न असली तरी लेखणीवर आलेले संकट आपलेच मानण्याची रीत त्या काळी होती, याची ही खूण होय.

कथा येथेच संपती तर तात्पर्य सोपे होते: खातरजमा न करता छापू नये. परंतु कथा तेथे संपली नाही. महाराजांस अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवण्यात आले होते. तेथे त्यांच्या तैनातीस ग्रीन नावाचा गोरा शिपाई होता. त्याच्याशी झालेल्या झटापटीत महाराजांना दुखापत झाली आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. संपादक तुरुंगातून सुटून चौदा महिनेच झाले होते.

या हकीकतीतून दोन सत्ये निघतात, आणि ती एकमेकांस छेद देणारी वाटली तरी दोन्ही खरी आहेत. पहिले असे की, बर्वे यांची तक्रार रास्त होती. त्यांच्या कारभाराविषयी कोणाचे मत काहीही असो, जी पत्रे त्यांनी लिहिली नाहीत ती त्यांच्या नावावर खपविली गेली आणि त्यांच्या माथी खुनी कटाचा आरोप आला. असा घाव ज्याला बसतो त्याला कायद्याने दाद मिळालीच पाहिजे. दुसरे असे की, महाराजांच्या जिवाविषयी लोकांना वाटणारी काळजी खोटी नव्हती. पत्रे खोटी, पण भय खरे. कारभाऱ्यांचा कट म्हणून कोणी जे रचले ते न्यायालयात कोसळले. परंतु वेडा ठरविलेला राजा पहाऱ्यात आहे आणि त्याचे बरे चाललेले नाही, ही गोष्ट काळाने सिद्ध केली. कोल्हापूरच्या वाड्यातील एखाद्या हुजऱ्याने केवळ डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच, नाव न घालता, पुण्यास लिहून कळविले असते तर? आणि त्याचे नाव शोधून काढण्यासाठी संस्थानने सारा जोर लावला असता तर? त्या हुजऱ्याची नोकरी, घर आणि कदाचित प्राणही गेले असते. आणि पुढे दुसरा कोणी एक ओळदेखील लिहिण्यास धजला नसता.

म्हणजे निनावी लेखणीच्या आड दोन निरनिराळी माणसे उभी असतात. एक खोटेपणा झाकण्यासाठी नाव झाकतो. दुसरा खरे सांगता यावे म्हणून नाव झाकतो. बुरखा दोघांचा सारखाच. कायद्याची खरी कसोटी ही की, बुरखा फाडण्याच्या आधी आत कोण आहे याचा अदमास त्याने घ्यावा.

नाव झाकून लिहिणे ही गोष्ट मराठी मुलखास नवी नाही. किंबहुना आपल्या विचारजागृतीचा आरंभच अशा लेखणीने झाला. १८४१ साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ अशा सहीने काही पत्रे आली. इंग्रजी राज्याने हिंदुस्थानचा पैसा कसा ओढून नेला याचे त्यांत स्पष्ट विवेचन होते. लेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे येऊ लागली. त्यांचे कर्ते गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरीत होते. स्वजातीच्या दोषांवर त्यांनी जे कोरडे ओढले ते उघड्या नावाने ओढले असते तर घरच्या आणि दारच्या दोन्ही आघाड्यांवर त्यांना तोंड द्यावे लागले असते. १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीची पत्रे छापून आली. बालविवाहाने स्त्रीच्या आयुष्याची कशी माती होते हे त्यांत लिहिले होते. ती लिहिणाऱ्या रखमाबाई त्या वेळी स्वतःच एका खटल्यात प्रतिवादी होत्या. न पटलेल्या पतीच्या घरी नांदावयास जाण्याची सक्ती त्यांच्यावर होऊ पाहत होती. पुढे याच रखमाबाई विलायतेत वैद्यकी शिकून डॉक्टर झाल्या.

या तिघांनी नाव का झाकले? भित्रेपणाने खास नव्हे. लेखकाचे नाव कळले की वाचक मजकुराचा विचार सोडून माणसाचा विचार करू लागतो: हा कोणत्या जातीचा, कोणाचा चाकर, हिचा नवरा कोण? नाव झाकले म्हणजे मजकुराला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. आणि दुसरे कारण त्याहून साधे: नाव कळले असते तर त्यांना गप्प बसविण्यात आले असते.

‘कर नाही त्याला डर कशाला’, असे यावर कोणी म्हणेल. म्हण बरोबर आहे. पण ती सबळांची म्हण आहे. ज्याचे पोट दुसऱ्याच्या हाती आहे त्याला कर नसली तरी डर असते.

आता त्या काळचा कायदा या लेखकांस कसा निभावून नेत होता, हे पाहण्याजोगे आहे. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे सक्तीचे केले. लेखकाचे नाव घालावे अशी सक्ती केली नाही. मजकूर अब्रू घेणारा निघाला तर जाब विचारावयास कोणी तरी नावाचा आणि पत्त्याचा माणूस हाती लागत असे. संपादक हा निनावी लेखक आणि दुखावलेला माणूस यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा राही. तो मजकूर चाळून घेई, पटला तर आपल्या जबाबदारीवर छापी, आणि चुकला तर तुरुंगात जाई. टिळक व आगरकर गेले तसा. अमेरिकेत याहून जुने उदाहरण सापडते. न्यू यॉर्कचा मुद्रक जॉन पीटर झेंगर याने तेथील गव्हर्नरवर टीका करणारे निनावी लेख छापले. १७३४ साली त्याला पकडण्यात आले. खटला होईपर्यंत आठ महिन्यांहून अधिक काळ तो तुरुंगात राहिला, पण लेखकांची नावे त्याने सांगितली नाहीत. आणि १७३५ साली पंचांनी त्याला निर्दोष ठरविले.

आज ती भिंत उरलेली नाही. इंटरनेटवर लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये संपादक नसतो. असते ती एक कंपनी. ती मजकूर वाचून पाहत नाही, पसंत करीत नाही, केवळ वाहून नेते. टपालवाल्याला पत्रातील शिवीबद्दल शिक्षा होत नाही, त्या न्यायाने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ७९ ने अशा वाहकांस काही अटींवर दोषमुक्त ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल यांच्या प्रकरणात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला: न्यायालयाचा अथवा सरकारचा आदेश आल्यावर वाहकाने मजकूर काढावा, कोणी नुसती तक्रार केली म्हणून त्याने स्वतःच न्यायाधीश होऊन बसू नये. त्याच निकालाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. ज्या घटनांमुळे ते कलम न्यायालयापुढे गेले त्यांत आपल्या पालघरची २०१२ सालची घटना होती. शहर बंद ठेवण्याविषयी दोन ओळी लिहिल्याबद्दल दोन तरुणींना तेथे अटक झाली होती.

परंतु या वाहकाजवळ एक वस्तू असते, जी जुन्या काळी फक्त संपादकाच्या पोटात असे: लिहिणाऱ्याचा माग. कोणत्या खात्यावरून, कोणत्या यंत्रावरून, कोणत्या घटकेस मजकूर निघाला, याची नोंद त्याच्या दप्तरी असते. संपादकाने तोंड मिटून तुरुंगवास पत्करला असता. कंपनी एका आदेशासरशी दप्तर उघडील. तिला लेखकाविषयी ना ममत्व, ना लोभ. म्हणून हे दप्तर केव्हा उघडावे आणि केव्हा उघडू नये, हे सांगणारा नियम हवा.

आपला अब्रूचा कायदा या बाबतीत काय म्हणतो? भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० मधील तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आल्या आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड अथवा दोन्ही; नव्या संहितेने समाजसेवेचीही सोय केली आहे. बदनामी हा फौजदारी गुन्हा असणे घटनेशी विसंगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ठरविले आहे. त्याचबरोबर जुन्या कायद्यातील दहाही अपवाद कायम आहेत. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट ही बदनामी नव्हे; सरकारी नोकराच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने दिलेले मत ही बदनामी नव्हे; सार्वजनिक प्रश्नाबाबत कोणाच्याही वागणुकीवर प्रामाणिकपणे केलेली टीका ही बदनामी नव्हे. दिवाणी दाव्यात तर मजकूर खरा असणे हाच पुरता बचाव आहे. हे अपवाद नाव घालणाऱ्यास आणि न घालणाऱ्यास सारखेच लागू आहेत.

मग अडचण कोठे आहे? अडचण वेळेची आहे. हे अपवाद कामास येतात ते खटल्याच्या शेवटी. नाव उघडते ते आरंभी. ज्याने सत्य लिहिले तो पाच वर्षांनी निर्दोष सुटेल, यात शंका नाही. पण पहिल्याच तारखेस त्याचे नाव वादीच्या हाती पडले असेल तर त्या सुटकेचा उपयोग काय? समजा, एखाद्या डोंगरी तालुक्यातील शाळेत मुलांच्या भोजनाचे धान्य वाटेतच मुरते, असे तेथल्याच एखाद्या कर्मचाऱ्याने नाव न घालता लिहिले. ज्याच्यावर रोख आहे तो दावा लावतो, न्यायालयाकडून नाव मिळवितो आणि दुसऱ्या दिवशी दावा काढून घेतो. त्याला दावा जिंकावयाचाच नव्हता. त्याला नाव हवे होते. पुढचे काम न्यायालयाबाहेर होते. बदली, बहिष्कार, धमकी, आणि मुलांच्या तोंडचे धान्य पूर्ववत मुरते. निनावी माणसाच्या बाबतीत नाव उघडणे हीच शिक्षा आहे. आणि पुराव्याआधी शिक्षा देऊ नये हे तर न्यायाचे पहिले तत्त्व होय.

भारतात या पायरीसाठी स्वतंत्र कलम नाही. पुष्कळसे न्यायाधीशांच्या तारतम्यावर सोडलेले आहे. प्रेस कौन्सिल अधिनियम, १९७८ मध्ये बातमीचा उगम सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आहे, पण ते कौन्सिलपुरते, न्यायालयापुरते नव्हे. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशवाहक कंपन्यांकडून संदेशाचा मूळ कर्ता विचारण्याची मुभा दिली, परंतु ती देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, स्त्रियांवरील व बालकांवरील लैंगिक अत्याचार अशा गंभीर प्रकारांसाठी; साध्या बदनामीसाठी नव्हे. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका ख्यातनाम कलावंताचा दावा आला. एका निनावी खात्यावरून त्याच्या वर्तनाविषयी आरोप झाले होते. खाते चालविणाऱ्याची ओळख मोहोरबंद पाकिटात न्यायालयापुरती ठेवण्याचा मार्ग त्या प्रकरणात निघाला, आणि पुढे ते आपसात मिटले. नाव न्यायाधीशास कळावे, वादीस कळू नये, हा मधला मार्ग अशक्य नाही, एवढे त्यावरून दिसून येते.

इतर देशांनी या प्रश्नावर अधिक नेटका विचार केला आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या अपील न्यायालयाने २००१ साली एका कंपनीच्या दाव्यात जो नियम घालून दिला तो समजण्यास सोपा आहे. वादीने प्रथम त्या निनावी लेखकापर्यंत दाव्याची खबर पोहोचविण्याचा प्रयत्न करावा आणि त्याला नाव न सांगता वकिलामार्फत उत्तर देण्यास अवधी द्यावा. मग नेमके कोणते शब्द बदनामीचे आहेत ते अक्षरशः दाखवावे. ‘माझी निंदा केली’ असे मोघम सांगून चालणार नाही. दावा कायद्यात बसतो हे दाखवावे. त्यानंतर आपल्या बाजूचा प्रत्येक मुद्दा उभा राहील इतका प्राथमिक पुरावा पुढे ठेवावा. हे सर्व झाल्यावर न्यायालयाने एका पारड्यात लेखकाचा बोलण्याचा हक्क आणि दुसऱ्यात वादीच्या दाव्याचे बळ व नावाची गरज घालून तोलावे. पारडे वादीकडे झुकले तरच नाव उघडावे.

२००५ साली डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण तर आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावी शोभेल असे होते. स्मर्ना नावाच्या लहान शहराच्या नगरमंडळातील एका सभासदावर कोणी तरी निनावी टीका केली; सभासदाने दावा लावला. न्यायालयाने म्हटले की, नाव मागण्यापूर्वी वादीने दावा टिकेल एवढा पुरावा दाखविला पाहिजे. येथे तर वाचणारा शहाणा माणूस हे शब्द मत म्हणूनच घेईल, वस्तुस्थिती म्हणून नव्हे. नाव उघडले गेले नाही. इंग्लंडने २०१३ च्या बदनामीविषयक कायद्यात वेगळी वाट काढली. तक्रार आली की वाहकाने ती लेखकाकडे धाडावी. मजकूर काढू द्यावयाचा, की त्याच्यामागे उभे राहावयाचे, हे लेखकाने ठरवावे. उभे राहावयाचे असेल तर त्याने नाव-पत्ता वाहकाकडे द्यावा. पण लेखकाची संमती नसेल तर तो वादीस मिळण्यासाठी न्यायालयाचाच आदेश लागतो. या सर्व नियमांचा गाभा एकच: आधी मजकुराची झडती, मग माणसाची.

यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके लेखून चालणार नाही. आपल्या समाजात अब्रू ही चैनीची वस्तू नव्हे. एखाद्या शिक्षिकेच्या शीलावर, एखाद्या डॉक्टरच्या हातगुणावर, एखाद्या लहान दुकानदाराच्या वजनकाट्यावर कोणी रात्रीतून शेणाचा गोळा फेकतो आणि सकाळी साऱ्या गावाच्या मोबाईलवर तो पोहोचलेला असतो. ज्याची निंदा झाली त्याने कोणाशी भांडावे? भिंतीशी? अशा माणसाला पुरावा आण, पायऱ्या चढ, असे सांगणे निष्ठुरपणाचे वाटेल. परंतु विचार केला तर दिसून येईल की, हा नियम खऱ्या दुखावलेल्याची वाट अडवीत नाही. ज्या गोष्टी त्याला दावा जिंकण्यासाठी आज ना उद्या सिद्ध कराव्याच लागणार, त्यांतल्या ज्या त्याच्या हाती आहेत तेवढ्याच तो आधी मागतो. शिवाय जेथे धमकी आहे तेथे निनावीपणाला मुळीच आसरा नाही. नाव लपवून धमकी देणाऱ्यास मूळ शिक्षेवर आणखी शिक्षा कायद्याने पूर्वीपासूनच सांगितली आहे; जुन्या संहितेत ती कलम ५०७ मध्ये होती, नव्या संहितेत कलम ३५१ मध्ये आहे.

हा नियम कोल्हापूरच्या प्रकरणास लावून पाहावा, म्हणजे त्याची परीक्षा होईल. समजा, ती बनावट पत्रे आज कोणी निनावी खात्यावरून प्रसिद्ध केली आणि कारभारी न्यायालयात आले. त्यांनी नेमके शब्द दाखविले: ही पत्रे माझी म्हणून छापली आहेत. पुरावा दाखविला: हे माझे हस्ताक्षर नव्हे. आरोप खुनी कटाचा, म्हणजे अब्रूची हानी उघड. प्रत्येक पायरी ते सहज चढून गेले असते आणि बनावट पत्रे रचणाऱ्याचे नाव उघडले असते. उघडणे योग्यच झाले असते. आता तो दुसरा काल्पनिक हुजऱ्या घ्यावा, ज्याने एवढेच लिहिले की, महाराजांना एकटे ठेवले आहे, त्यांना मायेचे माणूस भेटू दिले जात नाही, त्यांच्या जिवाची धास्ती वाटते. कारभारी त्याच्याविरुद्ध आले असते तर दुसऱ्याच पायरीवर अडखळले असते. यात माझी बदनामी ती कोणती, आणि यात खोटे ते काय, हे त्यांना दाखविता आले नसते. हुजऱ्याचे नाव झाकलेलेच राहिले असते, आणि कदाचित त्याच्या दुसऱ्या पत्राने, तिसऱ्या पत्राने, वेळ टळण्यापूर्वी कोणाचे तरी डोळे उघडले असते. एकच नियम, खोट्याचा बुरखा फाडणारा आणि खऱ्याचा राखणारा. नियम नसला म्हणजे मात्र सुक्याबरोबर ओलेही जळते.

कायद्याने आपले काम केले तरी वाचकाचे काम उरतेच. निनावी मजकुरास सहीच्या मजकुराइतके वजन देऊ नये, हा जुना शहाणपणा आहे. ज्याने नाव घातले त्याने आपली पत मजकुरामागे गहाण ठेवली. ज्याने घातले नाही त्याच्या मजकुराची खात्री वाचकाने स्वतः करून घेतली पाहिजे. पुण्याचे दोन बुद्धिमान तरुण संपादकदेखील, हेतू निर्मळ असता, बनावट पत्रांना फसले. मग घरबसल्या एका बोटाने शंभर जणांकडे संदेश धाडणाऱ्याने किती सावध असावे! १८८२ साली संपादकांनी जी जबाबदारी १०१ दिवस भोगली तिचा लहानसा अंश आज प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास आला आहे. पुढे पाठविणे म्हणजे छापणेच होय, एवढे ध्यानात ठेविले तरी अर्धे खटले उद्भवणार नाहीत.

आता राधानगरीच्या दरवाजांकडे यावयाचे. धरणाचे दरवाजे कायमचे चिणून टाकले तर महापुरात बांधच फुटेल. ते सदा उघडे ठेवले तर उन्हाळ्यात पिकाला थेंबभर पाणी उरणार नाही. म्हणून पातळीची खूण ठरविली आहे, आणि पाणी तेथवर चढले तरच दरवाजा उचलला जातो. निनावी लेखकाच्या नावावरील दरवाजाही असाच असावा. श्रीमंताच्या वकिलाने जोर लावला म्हणून तो उघडू नये, आणि खऱ्या दुखावलेल्याने आक्रोश केला तरी मिटलेलाच राहू नये. पुराव्याची पातळी ठरलेल्या खुणेवर आली की त्याने उघडावे, तत्पूर्वी नव्हे. ती खूण कोठे असावी हे आपल्या कायदेमंडळाने आणि न्यायालयांनी अजून स्पष्ट शब्दांत कोरावयाचे आहे. ती कोरली जाईल तेव्हा ज्याची अब्रू खोटेपणाने घेतली गेली त्याला दाद मिळेल, आणि वाड्याच्या भिंतीआड काय चालले आहे ते सांगू पाहणाऱ्या गरीब हुजऱ्याला लेखणी उचलण्याचा धीर येईल.